टीम प्रोजेक्ट सत्राच्या मध्यावर दुसऱ्या टीमच्या हाती द्या

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा टीम प्रोजेक्ट बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून निघतो. चार-पाच जणांचा गट, पहिल्या दोन आठवड्यांत विषयाची निवड, मग गरजांचा दस्तऐवज, मग आकृत्या, मग बरेच दिवस सामसूम आणि शेवटच्या पंधरवड्यात जागरणं. डेमोच्या दिवशी लॉगिन होतं, यादी दिसते, दोन-तीन बटणं चालतात. परीक्षक थोडं विचारतात, जाडजूड अहवालावर सही होते, गुण मिळतात. त्यानंतर तो कोड कोणीही उघडत नाही. लिहिणारेसुद्धा नाहीत.

दुखणं नेमकं तिथेच आहे. नावं समजतील अशी द्या, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहा, निर्णयामागचं कारण नोंदवून ठेवा, कमिटचा (म्हणजे नोंदवलेल्या एकेका बदलाचा) इतिहास वाचण्याजोगा ठेवा, असं जे जे या विषयात सांगितलं जातं ते जवळजवळ सगळं नंतर येणाऱ्या माणसासाठी असतं. अभ्यासक्रमात मात्र हा नंतरचा माणूस येतच नाही. मग चलाख विद्यार्थी सरळ हिशेब करतो: टेस्ट लिहिण्यात घातलेला तास डेमोत दिसत नाही, तो रंगसंगतीत घातला तर दिसतो. त्याचा हिशेब बरोबरच आहे. आपण गुण ज्याला देतो ते तो करतो.

म्हणून सूचना अशी की त्या नंतरच्या माणसाला सत्रातच आणावं. सातव्या आठवड्याअखेर प्रत्येक टीमचा कोड दुसऱ्या टीमकडे द्यावा आणि उरलेले आठवडे प्रत्येकाने दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये नवं काम करावं. ऐकायला हा छोटा बदल वाटतो, पण तो मनापासून करायचा तर मूल्यमापन, टीमची रचना, आठवड्याचं वेळापत्रक असं बरंच काही हलवावं लागतं.

१९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेपासून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झालं. तिथे जमलेल्यांना एकट्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमची काळजी नव्हती. कित्येक माणसं वर्षानुवर्षं राबून ज्या प्रणाली उभ्या करत होती, त्या वेळेत होत नव्हत्या, खर्च आवरत नव्हता आणि एक चूक निस्तरताना दुसरी शिरत होती. पुढे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी या विषयाची ओळख दोन गोष्टींत सांगितली: प्रोग्रॅम घडवणारी माणसं अनेक आणि त्याच्या आवृत्त्याही अनेक. आपल्या प्रोजेक्टमध्ये माणसं अनेक असतात, आवृत्ती एकच असते, डेमोची. आणि आवृत्त्या काढून टाकल्या की ‘अनेक माणसं’ याला उरतो तो फक्त कामाच्या वाटणीचा अर्थ.

ही वाटणीही कशी होते ते पाहा. ‘तू फ्रंटएंड, तू बॅकएंड, तू डेटाबेस आणि तू रिपोर्ट.’ (फ्रंटएंड म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, बॅकएंड म्हणजे त्यामागे सर्व्हरवर चालणारा.) ज्याच्या वाट्याला रिपोर्ट येतो तो सत्रभर टंकलेखन शिकतो. डेटाबेसवाल्याचं काम तिसऱ्या आठवड्यात संपतं. फ्रंटएंडवाला बॅकएंडची वाट पाहत खोटा डेटा भरून ठेवतो आणि तोच खोटा डेटा कधीकधी डेमोपर्यंत टिकतो. संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की संस्था ज्या प्रणाली घडवते त्यांची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. चार जण चार बेटांवर बसले तर सॉफ्टवेअरचेही चार तुकडे होतात आणि ते जोडायचं काम कोणाच्याच नावावर नसतं. शेवटच्या आठवड्यात ते टीममधल्या सगळ्यात तयार मुलाच्या अंगावर पडतं.

तुकडे जोडताना काय होऊ शकतं याचं उदाहरण वर्गात सांगायचं तर नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं सांगावं. १९९९ मध्ये हे यान मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत दिले, ते घेणाऱ्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक जवळजवळ ४.४५ पटींचा. दोन्ही बाजूंचे प्रोग्रॅम आपापल्या जागी चालत होते. मेट्रिक एकक वापरायचं असं इंटरफेसच्या (दोन्ही प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीच्या) दस्तऐवजात लिहिलेलंही होतं. म्हणजे कागद होता, पण दोन्ही बाजू एकत्र चालवून तो कागद पाळला जातो का हे पकडणारी तपासणी तोकडी पडली. विद्यार्थ्यांच्या टीममध्ये हाच प्रकार ‘तारीख मजकूर म्हणून येणार की मिलिसेकंदांत’ इतक्या साध्या पातळीवर दर आठवड्याला घडतो.

तेव्हा वाटणी थरांप्रमाणे न करता वैशिष्ट्यांप्रमाणे करायची. ‘पासवर्ड विसरलो’ हे एकीचं काम, ‘यादी गाळून दाखवणं’ हे दुसऱ्याचं. स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं तिने किंवा त्यानेच करायचं, टेस्टसकट. प्रत्येकाला प्रत्येक थरात हात घालावा लागतो, एकमेकांच्या फायली बदलाव्या लागतात आणि भांडणं लवकर सुरू होतात. ती लवकर सुरू झालेली बरी.

टीम चार किंवा पाच जणांची असावी. चौघांत दोघादोघांमधले दुवे ६, पाचांत १०, आठांत थेट २८. आठ जणांच्या टीममध्ये दोघे-तिघे नकळत प्रेक्षक होतात आणि ते शिक्षकाला कळेपर्यंत सत्र निम्मं सरलेलं असतं. तिघांची टीमही जोखमीची, कारण एकाने विषय सोडला की दोघेच उरतात. टीम शिक्षकाने पाडाव्यात हे माझं ठाम मत आहे. मित्रांच्या टीममध्ये काम न करणाऱ्याविरुद्ध कोणी तोंड उघडत नाही, आणि सगळे तयार विद्यार्थी एका टीमला मिळाले की इतर टीमना शिकण्यासारखं माणूसच उरत नाही. टीम पाडताना आधीचा प्रोग्रॅमिंगचा अनुभव आणि आठवड्यात एकत्र मोकळे असणारे तास एवढ्या दोनच गोष्टी पाहिल्या तरी पुरे. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची ठरते.

आता १४ आठवड्यांचं सत्र धरून आराखडा. सुरुवात कोऱ्या फाइलपासून करायची नाही. शिक्षकाने ३ ते ५ हजार ओळींचा चालता कोड द्यायचा: नोंदी, वापरकर्ते, शोध, थोड्या टेस्ट असं काहीतरी साधं ॲप्लिकेशन. सगळ्या टीमना तोच कोड, तीच भाषा, तेच फ्रेमवर्क (ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा). तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य काढून घेतल्याची कुरकुर होईल, ती होऊ द्यावी. तंत्रज्ञान वेगवेगळं असलं तर मध्यावरची अदलाबदल शक्यच नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने हा कोड स्वतःच्या मशीनवर चालवायचा, मुद्दाम ठेवलेला एक बारीक बग (चूक) दुरुस्त करायचा आणि पुल रिक्वेस्टमधून (माझा बदल तपासून सामील करा, अशी विनंती) तो बदल मुख्य ब्रँचवर (सगळ्यांच्या सामाईक, अधिकृत प्रतीवर; बाकीच्या ब्रँच म्हणजे तिच्यापासून काढलेल्या कामापुरत्या प्रती) पोहोचवायचा. बदल एका ओळीचा असला तरी चालेल. या आठवड्यात शिकायचा असतो तो रस्ता, आणि तो पहिल्यांदा चालताना निम्मा वर्ग कुठेतरी अडकतोच: चुकीची आवृत्ती, फाइलच्या मार्गातली रिकामी जागा, ॲक्सेस की, ओळ संपवण्याच्या खुणांमधला विंडोज आणि लिनक्सचा फरक.

दुसऱ्या आठवड्यात स्वयंचलित बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करणं) आणि टेस्ट. मुख्य ब्रँचला कुलूप: थेट पुश (बदल सरळ तिथे पाठवणं) बंद, टेस्ट पास आणि एका सहकाऱ्याची मान्यता असल्याशिवाय मर्ज (बदल त्यात मिसळणं) नाही. ही सोय आज बहुतेक होस्टिंग सेवांवर काही मिनिटांत लावता येते, त्यामुळे न लावण्याला सबब उरत नाही. टेस्टचा संपूर्ण फेरा १० मिनिटांच्या आत संपला पाहिजे. त्याहून लांबला की विद्यार्थी निकालाची वाट न पाहता पुढचं काम सुरू करतात आणि लाल झालेला, म्हणजे नापास झालेला, बिल्ड लालच राहतो.

तिसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत नेहमीचं काम. प्रत्येकाचा दर आठवड्याला किमान एक बदल मुख्य ब्रँचवर गेला पाहिजे. एक ब्रँच दोन-तीन दिवसांहून जास्त जगू नये. पुल रिक्वेस्ट साधारण २०० ओळींच्या आत असावी, कारण हजार ओळींची पुल रिक्वेस्ट कोणी वाचत नाही, तिला फक्त मान्यता देतात.

गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिलं, आणि अनेक माणसांनी एकाच वेळी एकाच कोडवर काम करणं हाच त्याचा जन्महेतू होता. वर्गात मात्र ते बॅकअपचं साधन म्हणून शिकवलं जातं: ॲड, कमिट, पुश, झालं. मग पुढचे प्रकार ठरलेले असतात. एकाचा एडिटर फाइल सेव्ह करताना सगळी मांडणी बदलतो, चार ओळींच्या बदलात चारशे ओळी रंगतात आणि पुढच्या प्रत्येक मर्जला कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) येतो. उपाय म्हणजे फॉर्मॅटरची (कोडची मांडणी लावणाऱ्या साधनाची) एकच सेटिंग रिपॉझिटरीत (कोडच्या सामाईक साठ्यात) ठेवायची आणि ती बिल्डमध्ये तपासायची. बिल्डने तयार केलेला फोल्डर कमिट होतो. डेटाबेसचा पासवर्ड कमिट होतो, मग घाबरून पुढच्या कमिटमध्ये काढला जातो. इतिहासात तो राहतोच, म्हणून काढण्याआधी पासवर्ड बदलायचा असतो, हे सांगायला हवं. दोघे जण एकाच दिवशी सातव्या क्रमांकाचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) तयार करतात. फायलींची नावं वेगळी असल्याने गिट काही बोलत नाही आणि डेटाबेस मात्र एकाच्या मशीनवर एक, दुसऱ्याच्या मशीनवर दुसरा.

शेवटचा प्रकार नीट समजावून सांगण्यासारखा आहे. गिट ओळी पाहतं, अर्थ पाहत नाही. एका ब्रँचवर फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्या ब्रँचवर जुन्या नावाने नवी हाक घातली, आणि दोन्ही ब्रँच बिनतक्रार मर्ज झाल्या. कॉन्फ्लिक्ट शून्य, प्रोग्रॅम बंद. म्हणून टेस्ट मर्ज करण्याआधीच्या ब्रँचवर चालवून भागत नाही, मुख्य ब्रँचशी जोडलेल्या रूपावर चालवाव्या लागतात. हे उदाहरण वर्गात प्रत्यक्ष करून दाखवायला दहा मिनिटं लागतात आणि टेस्टच्या महत्त्वावरच्या दोन व्याख्यानांचं काम ते एकटं करतं.

कोड रिव्ह्यू हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. मायकेल फेगन यांनी आयबीएममध्ये कोड तपासणीची रीतसर पद्धत बसवून १९७६ मध्ये मांडली. इतकी जुनी गोष्ट असूनही विद्यार्थ्यांना ती कोणी शिकवत नाही, नुसती करायला सांगतात. परिणामी रिव्ह्यू म्हणजे ‘छान आहे, मर्ज कर’. शिकवायची तर तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एकच पुल रिक्वेस्ट द्यावी, १५० ओळींची, जाणूनबुजून पाच दोष पेरलेली: एक सीमेवरची चूक, एक न तपासलेली रिकामी किंमत (व्हॅल्यू), एक दिशाभूल करणारं नाव, काहीच न तपासणारी एक टेस्ट, आणि वापरकर्त्याचा मजकूर थेट क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) चिकटवण्याची एक जागा. ४० मिनिटं, प्रत्येकाने एकट्याने. सापडलेल्या दोषांची यादी फळ्यावर आली की वाचण्याचा क्रम शिकवायचा: आधी बदलाचं वर्णन, मग टेस्ट, मग कोड. टेस्ट आधी वाचली की लिहिणाऱ्याला काय करायचं होतं ते कळतं आणि कोड त्याप्रमाणे आहे का हे पाहता येतं. उलट क्रमाने वाचलं की कोड जे करतो तेच बरोबर वाटू लागतं. त्या पाचांत काहीच न तपासणारी टेस्ट सहसा सगळ्यांच्या नजरेतून निसटते, कारण टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण दिसली की डोळा पुढे सरकतो.

मर्ज झालेल्या बदलाबद्दल लिहिणाऱ्याला आणि मान्यता देणाऱ्याला सारखेच प्रश्न विचारायचे, हा नियम पहिल्या दिवशी जाहीर केला की मान्यता देण्याआधी माणसं वाचू लागतात.

आता अदलाबदल. सातव्या आठवड्याच्या शेवटी मुख्य ब्रँचवर टॅग (त्या क्षणाच्या कोडची खूण) लावून ती गोठवायची. टीमनी जोडीने कोड बदलायचा नाही, साखळीने बदलायचा: पहिलीचा दुसरीकडे, दुसरीचा तिसरीकडे, शेवटचीचा पहिलीकडे. जोडीत ‘तुम्ही आमची तक्रार करू नका, आम्ही तुमची करणार नाही’ असा तह होतो, साखळीत तो अवघड जातो. आठव्या आठवड्यात घेणाऱ्या टीमने कोऱ्या मशीनवर किंवा कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या वेगळ्या, रिकाम्या वातावरणात) फक्त रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल) वाचून सॉफ्टवेअर उभं करायचं. मुदत ९० मिनिटं. देणाऱ्या टीमशी तोंडी बोलायला बंदी, प्रश्न इश्यूमध्ये (रिपॉझिटरीतल्या प्रश्नांच्या नोंदीत) लेखी. जिथे जिथे अडलं ती जागा वेळेसह नोंदवायची. आपल्या रीडमीवर लोक सव्वा तास कुठे अडकले याची ती नोंद परत मिळाली, की ती वाचताना टीमला जे कळतं ते ‘दस्तऐवजीकरणाचं महत्त्व’ या प्रकरणातून कधी कळलेलं नाही.

एक अन्याय इथे उघड आहे: एखाद्या टीमला भिकार कोड मिळाला तर? यासाठी हस्तांतराची किमान अट ठेवावी. एका आज्ञेत बिल्ड, एका आज्ञेत टेस्ट, सगळ्या टेस्ट हिरव्या, ठरलेल्या वैशिष्ट्यांपैकी निदान निम्मी चालू. अट पुरी झाली नाही तर घेणाऱ्या टीमला शिक्षकाने तयार ठेवलेली आवृत्ती मिळेल आणि देणाऱ्या टीमचे हस्तांतराचे गुण जातील. अट पुरी झाली पण कोड ओंगळ आहे, तर मात्र तो घ्यायचाच. नोकरीत मिळणारा कोड याहून सोज्वळ नसतो.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात गरज बदलायची. बदल असा हवा की तो एका कोपऱ्यात मावू नये. ‘खोडलेली नोंद ३० दिवसांपर्यंत परत आणता आली पाहिजे’ हे यासाठी चांगलं वाक्य आहे. वाचताना साधं, आणि करायला गेलं की प्रत्येक शोध, प्रत्येक बेरीज, एकमेव असायला हवी अशी प्रत्येक किंमत, परवानग्या, डेटाची निर्यात, सगळीकडे हात लागतो. ज्या टीमने डेटाबेसशी बोलणारा कोड एका जागी ठेवला तिचा वारस हे काम आठवड्यात करतो, जिने क्वेरी वीस फायलींत विखुरल्या तिचा वारस महिनाभर शोधत बसतो. रचना चांगली म्हणजे काय, हा प्रश्न व्याख्येने सुटत नाही, तो या महिन्यात सुटतो. आधीच्या टीमने करून पाहिलेला आणि न वापरता सोडून दिलेला कोड काढून टाकायचा हेही याच काळात आपोआप सुचतं. तसं करावंसं वाटलं नाही तर नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीचं उदाहरण आहे: १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहिला, तिथे वर्षानुवर्षं पडून असलेला मेलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडाली.

तेराव्या आठवड्यात शिक्षकाने प्रत्येक टीमच्या इतिहासातून, पूर्वी चालणारी एखादी गोष्ट ज्यामुळे आता चालत नाही असा बग शोधून द्यावा, नसेल तर आधीच्या एखाद्या बदलातून पेरलेला असावा. काम एवढंच की तो नेमक्या कोणत्या कमिटमध्ये शिरला ते गिट बायसेक्टने (दर पायरीला इतिहास निम्मा करत शोधणाऱ्या आज्ञेने) काढायचं. १२८ कमिट असतील तर ७ पायऱ्या. पण मधले कमिट बिल्डच होत नसतील तर बायसेक्ट दर दुसऱ्या पायरीवर अडतो. लहान आणि प्रत्येक टप्प्यावर चालणारे कमिट कशासाठी, हे ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ अशा संदेशांच्या जंगलात तासभर फिरल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. चौदावा आठवडा तोंडी परीक्षेचा.

गुणांचं काय? शेवटच्या डेमोला वेगळे गुण ठेवूच नयेत. १०० पैकी ३० दर आठवड्याला मुख्य ब्रँचवर पोहोचलेल्या वैयक्तिक बदलांना, २० केलेल्या रिव्ह्यूंना, २० हस्तांतराला, १५ बदललेली गरज पुरी करण्याला आणि १५ तोंडी परीक्षेला. हस्तांतराचे गुण घेणाऱ्या टीमने द्यायचे नाहीत. तिने फक्त नोंद द्यायची. शिक्षक किंवा सहायकाने त्याच पायऱ्या स्वतः करून पाहायच्या.

कमिटची संख्या किंवा ओळींची संख्या गुणांना जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. जोडल्याच्या आठवड्यापासून कमिट तिप्पट होतात आणि काम तेवढंच राहतं. शिवाय दोघांनी एका मशीनवर बसून लिहिलेला कोड एकाच्याच नावावर जातो; कमिट संदेशाच्या शेवटी सहलेखकाची ओळ घालायची सवय लावली तर ही अडचण बरीच कमी होते. सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देण्याची पद्धत उपयोगी आहे, पण ‘पाचपैकी किती’ असं विचारलं की सगळे सगळ्यांना पाच देतात. त्याऐवजी प्रत्येकाने १०० गुण इतर सदस्यांत वाटायचे, आणि प्रत्येक आकड्यामागे एक वाक्य, ठरावीक बदलाकडे बोट दाखवणारं. हे गुप्त राहावं. एकदा चौथ्या आठवड्यात, गुणांवर परिणाम न होता, आणि एकदा शेवटी. शेवटच्या वाटणीने टीमचे सामाईक गुण फार तर ०.७ ते १.१ पट व्हावेत. याहून मोकळीक दिली की वैयक्तिक राग गुणपत्रिकेत उतरतो. काम न करणारा माणूस चौथ्या आठवड्यात दिसला तर त्याच्याशी बोलून तो परत येऊ शकतो. दहाव्या आठवड्यात टीमला त्याची गरजही उरलेली नसते, त्याच्याशिवाय काम करायची तिला सवय झालेली असते.

कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांमुळे हा सगळा खटाटोप निकालात निघाला, असं म्हणणारे आता भेटतात. मला उलट वाटतं. नव्या प्रोजेक्टचा चकचकीत पहिला डेमो उभा करणं या साधनांनी फार स्वस्त केलं, म्हणजे ज्या गोष्टीला आपण आजवर गुण देत होतो नेमकी तीच. वाचणं, तपासणं, दुसऱ्याच्या रचनेत बसेल असा बदल करणं आणि त्याची जबाबदारी घेणं हे तेवढं स्वस्त झालेलं नाही. बंदी घालून उपयोग नाही, ती पाळली जाते का हे कोणालाही पाहता येत नाही. साधन वापरा, पण २०० ओळींची मर्यादा, मान्यतेचा नियम आणि तोंडी परीक्षा तशाच राहतील, एवढं पुरेसं आहे. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याचा स्वतःचा मर्ज झालेला बदल उघडायचा आणि १५ मिनिटांत त्यात छोटा फेरफार करायला सांगायचा: ‘ही यादी तारखेप्रमाणे लावतोस, आता तारीख सारखी असेल तर नावाप्रमाणे लाव, आणि कोणती टेस्ट बदलावी लागेल ते दाखव.’ आपल्या कोडमध्ये वावरणारा आणि त्यात पाहुणा असलेला यांतला फरक पहिल्या तीन मिनिटांत कळतो.

शिक्षकांचा आक्षेप वेळेचा असतो आणि तो खरा आहे. ६० विद्यार्थी म्हणजे पाच-पाच जणांच्या १२ टीम. प्रत्येक टीमला आठवड्यातून २० मिनिटं म्हणजे ४ तास. प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रत्येक बदल वाचणं अशक्य. सत्रात प्रत्येकाचे चार बदल न सांगता निवडून नीट वाचायचे ठरवलं तर २४० होतात, बारा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला २०, दहा-दहा मिनिटांचे. म्हणजे आणखी साडेतीन तासांच्या आत. हा वेळ कुठून काढायचा? अहवालातून. ८० पानांचे १२ अहवाल म्हणजे ९६० पानं, ज्यांतली बरीचशी मागच्या वर्षीच्या अहवालावरून आलेली असतात. त्यांच्या जागी चालणारा रीडमी आणि एकेका पानाच्या पाच-सहा निर्णयनोंदी मागाव्यात: प्रश्न काय होता, पर्याय कोणते, काय निवडलं, कोणत्या परिस्थितीत हा निर्णय फिरवावा. क्लास डायग्रॅम (कोडच्या रचनेची आकृती) हवा असेल तर फळ्यावर काढावा आणि पुसावा. कोडशी न जुळणारी आकृती ही आकृती नसण्याहून वाईट, कारण वारस टीम तिच्यावर विश्वास ठेवते.

सॉफ्टवेअरच्या जीवनचक्राच्या प्रारूपांवरची व्याख्यानंही आटोपती घेता येतील. धबधबा (वॉटरफॉल: एक टप्पा पुरा संपला की पुढचा) म्हणून जी आकृती पाठ करून घेतली जाते ती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधापर्यंत जाते, आणि खुद्द रॉइस यांनीच त्यात म्हटलं होतं की असं सरळसोट करणं जोखमीचं आहे. अजाइलच्या (छोट्या फेऱ्यांत काम करण्याच्या पद्धतीच्या) नावाने होणारं नाटकही कमी करावं. ज्या विद्यार्थ्याला आणखी चार-पाच विषय आहेत त्याने रोज सकाळी उभं राहून ‘काल काही केलं नाही’ असं सांगण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं बसावं आणि बोर्डवर एका वेळी एका माणसाचं एकच काम ‘चालू’ या रकान्यात असावं.

विद्यार्थ्यांचा आक्षेप वेगळा: आम्हाला आमची स्वतःची कल्पना करायची आहे, मुलाखतीत दाखवायला आमचा असा प्रोजेक्ट हवा. ही इच्छा रास्त आहे, तिच्यासाठी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहेच. पण ‘अनोळखी पाच हजार ओळींत चार आठवडे काम करून आम्ही हा बदल असा पोहोचवला, हा त्याचा इतिहास’ हे दाखवणारा उमेदवार आणखी एका खरेदीच्या ॲपपेक्षा मुलाखतीत जास्त बोलू शकतो.

दुसऱ्या वर्षी शिक्षकाने नवा पायाभूत कोड लिहू नये. पहिल्या वर्षाच्या एखाद्या टीमचा शेवटचा कोड निवडावा, पासवर्ड आणि खरी माणसं ओळखू येतील असा डेटा काढावा आणि तोच पुढच्या तुकडीला द्यावा. तिसऱ्या वर्षी त्यात अशा नोंदी असतील ज्यांच्या लेखकांना विचारायला कोणीच जवळ नसेल. यासाठी एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून घ्यावी लागते: रिपॉझिटरीत मुक्त वापराचा परवाना टाकायचा आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्यायची. ते राहिलं तर पुढे तो कोड वापरण्यासाठी पदवी घेऊन पांगलेल्या पाच-दहा जणांना एकेक करून गाठावं लागतं, आणि त्यातल्या एकाचं उत्तर आलं नाही तरी काम अडतं.